सुकट, सिझियम आणि गंगेवरची दुधाची पिशवी

बुधवारच्या बाजाराला गंगेवर, म्हणजे आमच्या नाशिकच्या गोदावरीवर, गेले होते, पाव किलो सुकट घ्यायची होती. माझ्या पुढे उभी असलेली एक ताई मावशींना विचारत होती की यात ते जपानचं रेडिएशनवालं पाणी नाही ना आलेलं, प्लास्टिकला चिकटून येतं म्हणे. मावशी डहाणूकडून माल आणतात, त्यांना काय सांगावं कळेना. म्हणाल्या, "बाई, माझी नातवंडं पण हेच खातात." ताई न घेताच गेली. आणि त्याच रविवारी आमचं घाट सफाईचं काम आटोपून चहाला बसलो तर तोच विषय निघाला आणि सरळ दोन तट पडले. एकाचं म्हणणं, समुद्रातलं प्लास्टिक स्पंजसारखं किरणोत्सारी विष शोषून घेतं, मासे ते खातात, आपण मासे खातो, झालं, कॅन्सर ठरलेला. दुसऱ्या बाजूला एक इंजिनियर मुलगा, हुशार आहे, दर रविवारी न चुकता येतो, तो म्हणाला, "काकू, केळ्यात पण रेडिएशन असतं, मग केळी पण सोडा." अर्धा तास आवाज चढले आणि दोन्ही बाजू जिथे होत्या तिथेच राहिल्या.

मी आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलं, त्यामुळे हे भांडण ऐकून जीव तुटला. माझं म्हणणं आधीच सांगते. पहिल्या तटाची भीती चुकीची आहे, बोंबील-सुकट सोडायचं आज काहीही कारण नाही. पण दुसऱ्या तटाचं उत्तर मला जास्त खटकतं, कारण ते प्रश्न विचारणाऱ्याचं तोंडच बंद करतं. समुद्रात जी काही किरणोत्सारी द्रव्यं आहेत ती कुठे थांबतात, कुठे जातात, कोणाच्या ताटात येतात, या वाटा प्लास्टिकमुळे बदलू शकतात. म्हणून किनाऱ्यावर प्लास्टिक वेगळं मोजायला हवं, आकडे सगळ्यांना वाचता येतील असे लागायला हवेत, आणि त्यातलं जे प्लास्टिक नाशिकहून जातं ते नाशिकलाच अडवायला हवं.

आधी जपानचं बघू. फुकुशिमा अणुवीज प्रकल्पातला अपघात 11 मार्च 2011 चा. तिथे साठवलेलं पाणी शुद्ध करून समुद्रात सोडायला 24 ऑगस्ट 2023 ला सुरुवात झाली. शुद्ध केल्यावर त्या पाण्यात मुख्यतः उरतं ते ट्रिटियम, म्हणजे हायड्रोजनचाच जड भाऊ. तो पाण्याच्या रेणूचाच भाग होऊन बसतो, म्हणून गाळून काढता येत नाही. आणि नेमकं त्याच कारणाने तो प्लास्टिकला चिकटूनही बसत नाही. पाणी जिथे जाईल तिथे तो जातो, पसरतो, विरळ होतो, साधारण 12 वर्षांत निम्मा होतो. जपानने स्वतःला घालून घेतलेली मर्यादा लिटरला 1500 बेक्वेरेलची (बेक्वेरेल म्हणजे किरणोत्सार मोजायचं माप) आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यासाठीची मार्गदर्शक पातळी 10,000 ची. तर प्लास्टिकच्या तुकड्यावर बसून जपानचं ट्रिटियम डहाणूला आलं ही गोष्ट रसायनशास्त्रातच बसत नाही. अशी भीती पसरली की काय होतं तेही जगाने पाहिलंय. 2011 ला चीनमध्ये लोकांनी आयोडीनच्या मिठासाठी दुकानं रिकामी केली, 2023 ला दक्षिण कोरियात परत मिठाचीच साठेबाजी झाली. किरणोत्साराने तिथे कोणाचं नुकसान व्हायच्या आधीच भीतीने मात्र झालं. आपल्याकडे ते नुकसान बाजारात पाटी घेऊन बसलेल्या बाईचं होतं.

हा गोंधळ आपल्या नाशिकला तरी नवा नसावा. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राचं 'कृषक' आहे, तिथे कोबाल्ट-60 या किरणोत्सारी धातूच्या गामा किरणांखालून कांदा नेतात, म्हणजे त्याला कोंब फुटत नाहीत. 2007 ला अमेरिकेला जे आंबे गेले तेही इथूनच किरणं देऊन गेले. सुरुवातीला कितीतरी जणांना वाटायचं की हा कांदा किरणोत्सारी झाला. होत नाही. टॉर्चचा उजेड भिंतीवर पडला म्हणून भिंत काही उजेड देत बसत नाही. पण त्याच कोबाल्टचे कण कांद्याला लागले असते तर? मग प्रकरण पूर्ण वेगळं, कारण मग उजेड नाही, टॉर्चच घरात आली. समुद्राच्या बाबतीत प्रश्न या दुसऱ्या प्रकारचा आहे, द्रव्याचा. सिझियम-137, जो निम्मा व्हायला 30 वर्षं घेतो. स्ट्रॉन्शियम-90, जवळपास तेवढीच वर्षं. प्लुटोनियम, ज्याचं आयुष्य हजारो वर्षांत मोजतात. ही द्रव्यं ट्रिटियमसारखी नुसती पाण्याबरोबर वाहत नाहीत, ती कमी-जास्त प्रमाणात कशाला ना कशाला धरतात. मग कशाला धरतात, हा खरा विषय.

इथे एक वस्तू दाखवते. सफाईत सगळ्यात जास्त काय सापडतं तर दुधाच्या पिशव्या आणि त्यांचे कापलेले कोपरे. नवी पिशवी गुळगुळीत असते, पाण्याचा थेंब घसरून जातो. पण नंदिनी नदी जिथे गंगेला मिळते त्या बाजूला दगडात अडकलेली एक पिशवी मी काढली, बहुतेक पावसाळाभर तिथेच होती. ऊन खाऊन तिची छपाई गेलेली, पृष्ठभाग खरखरीत, हातात घेतल्यावर बारीक तडकत होती, आणि दोन्ही अंगांनी हिरवट बुळबुळीत थर. नखाने खरवडला तर नखात शेवाळ आलं, त्यात काळी माती, आणि बोटावर चोळल्यावर वाळूची कचकच. म्हणजे हातात नुसतं प्लास्टिक उरलेलंच नव्हतं. उन्हाने जुनाट झालेल्या प्लास्टिकच्या पृष्ठभागावर ऑक्सिजन असलेले गट तयार होतात, त्यांच्यावर ऋणभार येतो, आणि सिझियम, स्ट्रॉन्शियम तर धनभारित आयन, म्हणजे दोघं एकमेकांना ओढतात. वर जिवाणू-शेवाळाचा थर, तोही धातू धरतो. आणि त्या थरात अडकलेली चिकणमाती, जी सिझियमला धरून ठेवण्यात सगळ्यात पटाईत. डब्याचं उदाहरण घ्या, नव्या डब्यावर हळदीचा डाग पुसला जातो, घासून घासून चरे पडलेल्या डब्यावर कायमचा बसतो. रसायन वेगळं आहे, पण जुनं प्लास्टिक आणि नवं प्लास्टिक ही एकच वस्तू नाही एवढं त्यातून कळतं. प्रयोगशाळेत कोरं प्लास्टिक पाण्यात टाकून काही चिकटत नाही म्हणणाऱ्याने ही पिशवी एकदा हातात घ्यावी.

आता समोरच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा, तो मी मनापासून मान्य करते. संशोधकांनी जुनं, थर चढलेलं प्लास्टिक आणि किनाऱ्यावरचा गाळ यांची तुलना केली तेव्हा गाळानेच सिझियम-स्ट्रॉन्शियम कित्येक पटींनी जास्त धरलं. शिवाय खाडीत गाळ किती आणि प्लास्टिक किती? वजनाने बघितलं तर प्लास्टिक गाळापुढे चिमूटभर. म्हणजे एकूण हिशोबात समुद्रातल्या किरणोत्सारी द्रव्यांपैकी प्लास्टिकवर बसलेला भाग नगण्यच निघेल. इंजिनियर मुलाने केळ्याऐवजी हे सांगितलं असतं तर मी त्याला तिथेच शाबासकी दिली असती.

पण एकूण हिशोबाने ताटातलं ठरतं का? गाळ तळाशी बसतो, बरंचसं प्लास्टिक तरंगतं. गाळ बराचसा आपल्या खाडीत राहतो, बाटलीचं बूच शेकडो किलोमीटर जातं. गाळ मासा चुकून गिळतो, पण शेवाळ चढलेला प्लास्टिकचा तुकडा त्याला खाणं वाटतो. सरासरी ही सगळ्या समुद्राची असते, जेवणारा मात्र एका ठिकाणचा, एका सवयीचा असतो. याचं मला माहीत असलेलं सगळ्यात चांगलं उदाहरण ब्रिटनमधलं आहे. सेलाफील्डचा अणुइंधन कारखाना, जुनं नाव विंडस्केल, तिथून 1952 पासून पाइपने किरणोत्सारी सांडपाणी आयरिश समुद्रात सोडलं जायचं. समुद्र मोठा, पातळ होईल, हा हिशोब. पण त्या किनाऱ्यावरचं एक शेवाळ तोडून साउथ वेल्सला जायचं, तिथली माणसं त्याची लेव्हरब्रेड करून आवडीने खायची. आणि त्या शेवाळात रुथेनियम-106 जमा व्हायचं. लाखो टन पाण्याच्या सरासरीत काहीच दिसत नव्हतं, कुठल्याशा गावातल्या माणसांच्या न्याहारीत दिसत होतं. किती सोडायचं याची मर्यादा मग ती न्याहारी डोळ्यापुढे ठेवून ठरवावी लागली. आणि हे समजलं का, तर कोणीतरी त्या शेवाळाचा नमुना घेतला म्हणून समजलं. तेव्हा कोणी "केळ्यात पण असतं" म्हणून विषय उडवून लावला असता तर?

त्याच सेलाफील्डचा दुसरा धडा गाळाचा आहे. प्लुटोनियम समुद्रतळाच्या चिखलाला घट्ट धरून बसेल आणि तिथेच राहील असं धरून चालले होते. बराच भाग बसलाही. पण चिखल हलतो, भरती-ओहोटीने खाडीत शिरतो, रेव्हनग्लासच्या खारफुटीसारख्या दलदलीत तो येऊन साचला. सत्तरच्या दशकाच्या मध्यानंतर कारखान्याने सोडायचं प्रमाण खूप कमी केलं तरी तोच जुना चिखल पाण्यात सिझियम परत देत राहिला. ज्याला कायमची तिजोरी समजले ती गळकी निघाली.

फुकुशिमाच्या बाजूलाही असंच काही सापडलं. 2017 ला प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात प्रकल्पापासून कितीतरी किलोमीटर लांबच्या किनाऱ्यांवर, वाळूखालच्या भूजलात सिझियम समुद्राच्या पाण्यापेक्षा जास्त निघालं. 2011 ला ते समुद्रातून किनाऱ्यावर आलं, गोड्या पाण्याने भिजलेल्या वाळूच्या कणांनी धरून ठेवलं, आणि खारं पाणी आत येईल तसं हळूहळू सुटायला लागलं. गोड्या पाण्यात जे चिकटतं ते खाऱ्या पाण्यात सुटतं, कारण खाऱ्या पाण्यातले सोडियम-पोटॅशियम त्याची जागा घेतात. आता ही गोष्ट नदीतून मातीचा थर घेऊन समुद्रात उतरणाऱ्या प्लास्टिकला लावून बघा. नदीत जे धरलं ते खाडीत सुटेल, समुद्रात नवा थर चढेल, त्यावर दुसरं काही बसेल. एवढ्या उलथापालथीच्या गोष्टीवर दोन्ही तट एका वाक्यात निकाल देतात, याचं मला वाईट वाटतं.

केळ्याचं बोलूया, कारण तो युक्तिवाद हल्ली प्रत्येक चर्चेत येतो. केळ्यात पोटॅशियम-40 असतं, एका केळ्यात साधारण 15 बेक्वेरेल, खरं आहे. समुद्राच्या पाण्यातही लिटरला 12 च्या आसपास असतं, तेही निसर्गाचंच. माशांतून माणसाला मिळणाऱ्या किरणोत्सारात सगळ्यात मोठा वाटा नैसर्गिक पोलोनियम-210 चा असतो, हेही मान्य. पण शरीर पोटॅशियमचं प्रमाण स्वतःच सांभाळतं, चार केळी जास्त खाल्ली तर जास्तीचं बाहेर टाकतं. स्ट्रॉन्शियमला शरीर कॅल्शियम समजतं आणि हाडात नेऊन बसवतं. दोन्हींना एकच तराजू लावायचा? आणि समजा दोन्ही सारखंच निघालं तरी निसर्गात आधीपासून काही आहे म्हणून माणसाने त्यात टाकलेलं विचारायचंच नाही, हा कुठला न्याय? नदीला पावसाळ्यात गाळ येतोच म्हणून कोणी सांडपाण्याचा पाइप सोडायला परवानगी मागत नाही.

याच विषयावर आपल्याच देशात शहाणपणाने काम झालेलं आहे. केरळात करुनागपल्लीच्या किनाऱ्यावर मोनाझाइटची वाळू आहे, त्यात थोरियम, त्यामुळे तिथली नैसर्गिक किरणोत्साराची पातळी जगात जास्त असलेल्या जागांपैकी एक. तिथे लोकांना ना घाबरवलं ना गप्प केलं. 1990 पासून कॅन्सरची नोंदवही ठेवली, घरोघरी मोजणी केली, आणि 2009 ला जो अभ्यास छापून आला त्यात कॅन्सरचं जास्तीचं प्रमाण आढळलं नाही. आज त्या किनाऱ्यावरच्या कोळ्याला कोणी घाबरवलं तर त्याच्याकडे उत्तर आहे, कारण कोणीतरी वर्षानुवर्षं मोजलं. आमच्या सुकटवाल्या मावशींकडे तसं उत्तर नव्हतं, नातवंडांची शपथ होती फक्त.

"पण नाशिकचा आणि समुद्राचा काय संबंध, आपल्याला आधी गंगेत जाणारं ड्रेनेज बघू द्या," हा आक्षेप मला सगळ्यात जास्त वेळा ऐकायला मिळतो. ड्रेनेज आधी, शंभर टक्के. पण नकाशा काढा. आपल्या जिल्ह्याचं पाणी दोन्ही समुद्रांना जातं. गोदावरी त्र्यंबकहून निघून 1465 किलोमीटर जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते, ते सगळ्यांना पाठ असतं. पण त्र्यंबकच्याच डोंगरातून वैतरणा पश्चिमेला उतरते, दिंडोरी-पेठकडून दमणगंगा जाते. वैतरणेचं मुख आणि दमण यांच्या मधल्या किनाऱ्यावर तारापूर आहे, देशातलं पहिलं अणुवीज केंद्र, 1969 पासूनचं. तिथले नमुने घ्यायला पर्यावरण प्रयोगशाळा आहे आणि अणुऊर्जा नियामक मंडळाच्या वार्षिक अहवालांत लोकांना मिळणारा डोस वर्षाला 1 मिलिसिव्हर्टच्या (शरीराला बसणाऱ्या किरणोत्साराचं माप) मर्यादेपेक्षा खूपच कमी दिसतो. मी त्या आकड्यांवर संशय घेत नाहीये. धरणांत बरंच प्लास्टिक अडतं, हेही खरं. तरी जे सुटतं ते त्याच पाण्यात जातं जिथून आपली सुकट येते, आणि ते सुटतं ते आपल्या हातून.

शहरवाले म्हणतील पिशवीबंदी झाली की. झाली, राज्यात 2018 ला, देशात एकदाच वापरायच्या प्लास्टिकवर 1 जुलै 2022 पासून. पण जिल्ह्यातलं शेतीचं प्लास्टिक कोण धरतं? टोमॅटो, मिरचीखाली अंथरलेला मल्चिंग पेपर 25-30 मायक्रॉनचा असतो, एक हंगाम ऊन खाल्लं की हाताने ओढला तरी चिंध्या होतात, मग शेतकरी तो बांधावर लोटतो नाहीतर जाळतो, त्याच्याकडे तिसरा रस्ता ठेवलाच नाही कोणी. सायखेड्याच्या पुढे पूर ओसरल्यावर बाभळींवर डोक्याच्या उंचीला त्या काळ्या-चंदेरी चिंध्या लोंबताना मी स्वतः पाहिल्यात, खाली ड्रिपच्या नळ्यांची भेंडोळी. तिथून पुढे नांदूरमध्यमेश्वर, 2020 ला रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेलेलं राज्यातलं पहिलं ठिकाण, तिथल्या पाणवेलीत पण त्याच चिंध्या. म्हणजे उन्हाने तडकलेलं, माती धरलेलं, बारीक व्हायच्या बेतात आलेलं प्लास्टिक आपण तयार करूनच नदीत देतो.

आकड्यांचं एक सांगायचं राहिलं. गंगेला पूर आला की नाशिककर कुठलं संकेतस्थळ उघडत नाही, नदीपात्रात उभ्या असलेल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघतो. गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला आलं. भाजीवाल्यापासून कलेक्टरपर्यंत सगळ्यांना तेच माप, त्यामुळे पाणी किती चढलंय यावर इथे वाद होत नाहीत. किरणोत्साराचे आकडे इंग्रजी अहवालात, मिलिसिव्हर्टच्या दशांशात असतात. 2012 ला कॅगने याच नियामक मंडळाला पुरेशी कायदेशीर स्वायत्तता नाही असं लिहिलं होतं, अशा वेळी विश्वास बसावा म्हणून तरी आकडे जास्त उघडे ठेवायला हवेत की नाही? किनाऱ्यावर पाणी, गाळ, मासे, शेवाळ यांचे नमुने घेतातच, त्याच फेरीत वाहून आलेलं प्लास्टिक वेगळं उचलायचं. सिझियम मोजायचं गामा यंत्र या कामासाठी नवीन नाही, नमुना वाळवायचा, डबीत भरायचा, यंत्रात ठेवायचा. पावसाळ्याआधी एकदा, नंतर एकदा. वैतरणेचं मुख, तारापूर, दमण, तीन जागा पुरेत सुरुवातीला. आणि निकाल मराठीत, मासळी बाजाराच्या पाटीवर, प्लास्टिकवर अमुक, गाळात अमुक, बोंबलात अमुक. काहीच सापडलं नाही तर "काही सापडलं नाही" असं तारीख घालून लिहायचं, म्हणजे पुढच्या बुधवारी कोणी विचारलं तर मावशी पाटीकडे बोट दाखवतील.

आणि इकडे 2027 चा सिंहस्थ आलाय. घाटांचं, रस्त्यांचं काम दिसतंय. नंदिनी आणि वाघाडी गंगेला मिळतात तिथे जाळ्या लावायला आणि त्या रोज उपसायला माणसं द्यायला फार पैसे लागत नाहीत, आणि कांद्या-टोमॅटोच्या मार्केट यार्डात जुना मल्चिंग पेपर वजनावर विकत घेणारा एक काटा उभा करायला तर त्याहून कमी. आमच्या रविवारच्या ग्रुपने या दोन गोष्टींचं निवेदन तयार केलंय. केळ्यावरून भांडलेल्या त्या मुलाने जाळ्यांचं डिझाइन काढून दिलं, आणि पहिल्या तटातल्या काकूंनी शेजारच्या गावातल्या बारा शेतकऱ्यांकडून, प्रत्येकाच्या बांधावर किती पेपर पडलाय त्याचं वजन लिहून आणलं.